फळ्यावरचे बारा बिल्ले

जानकी परबला वाऱ्याचं वेड आहे असं कुणी म्हटलं की ती चिडायची. वेड कसलं, सवय आहे, म्हणायची. जोगेश्वरी पूर्वेला सहाव्या मजल्यावरच्या खिडकीत कपडे वाळत घालण्याआधी ती ओलं बोट बाहेर धरून बघायची आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. हसणाऱ्यांचे टॉवेल आठवड्यातून एकदा तरी खालच्या पत्र्यावर जाऊन पडायचे. जानकीचा साधा रुमालही कधी उडाला नाही.

ही सवय वडिलांची. ते देवगडकडचे, लहानपणी काकाच्या होडीवर जाणारे, पुढे मुंबईत गिरणीत लागलेले. गिरणीत वारा मिळणं दूरच, संपानंतर कामही उरलं नाही. मग ते चाळीच्या गॅलरीत बसून लेकीला वारा शिकवायचे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई, दुपारी समुद्राकडून जमिनीवर येतो तो खारा. "आदी वारो बघ, मगे पाऊल टाक," एवढं एकच वाक्य त्यांनी तिला हजार वेळा ऐकवलं असेल. तसं पाहिलं तर हे खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळेच शाळेत शिकलो. दोन मार्कांसाठी लिहिले आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलो. जानकी विसरली नाही, एवढाच काय तो फरक.

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत मटार, मका आणि पराठे गोठवून विकणारी एक कंपनी होती. जानकी तिथे एकोणीस वर्षं होती. मटार निवडणाऱ्या अकरा बायकांची ती प्रमुख. आत जाण्याआधी बांगड्या, टिकली, मंगळसूत्र आणि फोन, सगळं लॉकरमध्ये ठेवायचं. डोक्याला टोपी, अंगात पांढरा एप्रन. फाटकाशी एक फळा होता. आलेल्या माणसाने आपल्या नंबरचा बिल्ला त्यावर लावायचा, जाताना काढून न्यायचा. फळ्यावर लटकतोय तो माणूस आत आहे, असा साधा हिशोब. तो फळा टाइमकीपर भाऊराव सांभाळायचा, आणि असा सांभाळायचा की जणू देव्हाराच.

एवढा मटार गोठवायचा तर थंडी लागते, आणि ती थंडी अमोनियाची. त्याची यंत्रं शेजारच्या खोलीत, आणि त्या खोलीचा मालक माणिक. म्हणजे कागदावर ऑपरेटर, पण मालकापेक्षा जास्त तोरा. माणिक साटम कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. आधीच्या पाळीच्या माणसाने वहीत लिहिलेलं प्रेशर तो मानायचा नाही. स्वतः प्रेशरच्या घड्याळाच्या काचेवर बोटाने टकटक करून काटा बघायचा, मग सही. "मी बघितलं नाही म्हणजे झालं नाही," हे त्याचं ठरलेलं बोलणं. रोज अकरा वाजता तो खोलीच्या दाराशी थर्मास उघडायचा आणि जानकी दोन मिनिटं तिथे थांबायची. त्याला डायबिटीस, म्हणून चहा बिनसाखरेचा.

"भाऊ, हा चहा आहे की काढा?" ती रोज विचारायची.

"पी गुमान. साखर खाऊन माझ्यासारखी गत करून घेशील," तो रोज म्हणायचा. पंधरा वर्षं हे असं चाललं होतं.

अमोनिया म्हणजे काय हे बायकांना माहीत होतं. डोळ्यांत गेला तर डोळे, घशात गेला तर घसा. अंगाच्या ओलाव्याला शोधत येतो मेला, असं माणिक सांगायचा. म्हणून वर्षातून दोनदा सराव व्हायचा. भोंगा वाजला की ओळीने चालत पूर्वेच्या मोठ्या गेटजवळ जमायचं. तिथे जमिनीवर हिरवा चौकोन रंगवला होता. भाऊराव फळा घेऊन यायचा, प्रत्येकाने आपला बिल्ला काढायचा, फळा रिकामा झाला की टाळ्या. सहा वर्षांत असे अकरा सराव झाले आणि अकराही सकाळी साडेदहाला झाले. कारण बाहेरून बघायला येणारे साहेब साडेदहाला यायचे, आणि त्यांना जेवायच्या आत मोकळं करायचं असायचं. आपल्याकडे सुरक्षेचा सप्ताह पाळतात. असुरक्षेला सप्ताह पुरत नाही, ती बारा महिने चालते.

छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पट्ट्यांची कापडी पिशवी होती. ती एका पावसाळ्यात फाटली, खाली उतरवली, आणि नवी मागवली आहे असं तीन वर्षं सांगितलं जात होतं. तिच्या खांबाला दोरी बांधून धुतलेले एप्रन वाळत घालायची सोय मात्र लगेच झाली.

जानेवारीतला मंगळवार. दुपारचे तीन वाजून गेले होते. यंत्रातलं तेल काढताना बाहेरून आलेल्या कंत्राटी माणसाकडून व्हॉल्व्ह उघडा राहिला तो बंद होईना. भोंगा वाजला. जानकीने आपल्या अकराजणींना उठवलं, ओळ केली, पुढचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली.

समोरच्या अंगणात पांढरा धूर जमिनीलगत सरपटत होता. बाकीच्या खात्यांची माणसं त्याच्या पुढे, शिकवल्याप्रमाणे, गेटकडे चालली होती. तिने वर बघितलं. दोरीवरचे एप्रन एकूण एक पूर्वेकडे ताठ झाले होते. खारा वारा, सरावाच्या सकाळच्या मतलईच्या बरोबर उलटा. गॅसही पूर्वेला, गेटही पूर्वेला.

"मागे फिरा," ती म्हणाली.

"ताई, गेट तिकडे आहे," तिच्या मागे उभी असलेली उत्तरा म्हणाली. ही तिची जुनी मैत्रीण, दहा वर्षं एकाच टेबलावर बसणारी.

"गेट आहे तिकडेच गॅस चाललाय. ओढणी ओली कर, नाकावर धर, चल."

मागच्या बाजूला मटारची टरफलं न्यायला रोज तबेल्याचा टेम्पो यायचा. त्यासाठी पश्चिमेच्या भिंतीत एक बुटकं दार होतं आणि त्याची किल्ली जानकीच्या कमरेला असायची. बाराजणी वाकून त्या दारातून मागच्या गल्लीत गेल्या, आणि वाऱ्याच्या समोर तोंड करून चालत राहिल्या. तीनशे पावलांवर पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या कोपऱ्यात चहाची टपरी होती. तिथे हवा अगदी स्वच्छ होती. एकीलाही साधा खोकला आला नाही. टपरीवाल्याने बाकडं मोकळं केलं, न विचारता बारा ग्लास भरले. बायका एकदम सगळ्याच बोलायला लागल्या, मग कुणीतरी हसली. जानकीला वडिलांची आठवण आली. तिला वाटलं, एवढी वर्षं लोक हसले, आज कळलं.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. गोष्ट इथे संपली असती तर जानकीची आरतीच ओवाळली असती.

पण गेटवर काय झालं ते ऐका. धूर हिरव्या चौकोनावर आला तशी माणसं गेट उघडून रस्त्यापलीकडे पळाली. वीसेक जणांचे डोळे चुरचुरले. भाऊराव फळा उराशी धरून पळाला. पलीकडे जाऊन बिल्ले वाटले, तर माणिकचा एक सोडून फळ्यावर बारा उरले. मटार हॉलचे बारा. तेवढ्यात माणिक बाहेर आला. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क. त्याने सात मिनिटांत मुख्य व्हॉल्व्ह बंद केला होता, त्याचं काम झालं होतं. भाऊरावने त्याला फळा दाखवला. माणिकने फळा पाहिला आणि परत आत गेला.

हॉलमध्ये धूर कोंडला होता. त्याने टेबलांखाली पाहिलं, संडासात पाहिलं, लॉकरच्या खोलीत पाहिलं. मास्कमधून आवाज बाहेर जात नाही. बाया कुठे बेशुद्ध पडल्या असतील तर हाक ऐकून निदान हुं तरी करतील, म्हणून त्याने मास्क वर सरकवला आणि हाका मारल्या. एकदा नाही, तीन ठिकाणी. अग्निशमन दलाच्या माणसांनी त्याला लॉकरच्या खोलीतून उचलून आणलं.

जानकी चाळीस मिनिटांनी, रस्त्याने वळसा घालून, बायकांना घेऊन गेटवर आली तेव्हा भाऊराव फळ्याकडे बघत खाली बसला होता. त्याने तिला पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही होता कुठे?" आणि रडायला लागला.

त्या दिवसापासून जानकीच्या डोक्यात जो गुंता झाला तो काही सुटेना. आपण चांगलं केलं की वाईट? अकराजणी धडधाकट घरी गेल्या, हे खरं. माणिक हॉस्पिटलात डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडला, हेही खरं. भाजी चिरताना तिला पटायचं की आपण बरोबर होतो. ती फोडणीत पडेपर्यंत पटायचं की चूक होतो. नवरा म्हणाला, "तू तुझं काम केलंस, त्याने त्याचं केलं." तिला हे वाक्य फार आवडलं आणि अर्ध्या तासाने त्याचाच राग आला.

कंपनीचा गोंधळ तर विचारू नका. बुधवारी तिला पत्र मिळालं, की ठरलेल्या ठिकाणी न जमल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी जबाब सोमवारच्या पुढच्या सोमवारपर्यंत द्यावा. शुक्रवारी दुसरं पत्र मिळालं, की प्रसंगावधान दाखवून अकरा महिलांचे प्राण वाचवल्याबद्दल तुमचा सत्कार योजिला आहे. दोन्हींखाली सही एकाच साहेबाची. तिने दोन्ही पत्रं फ्रीजवर एकाच चुंबकाखाली लावली आणि येता-जाता वाचत राहिली. सत्काराला जावं तर गुन्हेगार, गुन्हा कबूल करावा तर सत्कारमूर्ती.

सुरक्षा अधिकारी यज्ञेश तिला भेटायला घरी आला. वय तिशीच्या आतलं, कंपनीत आल्याला दोन वर्षं झालेली, पोटतिडकीने काम करणारा. त्याचेही डोळे अजून लाल होते. त्याने चहा घेतला नाही.

"ताई, मला काही समजत नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही गेटवर आला नाहीत म्हणून मोजणी चुकली. पण गेटवर आला असता तर तुमच्या बायका शेवटी होत्या, धुरातच सापडल्या असत्या. मग नियम मोडला म्हणून मी काय लिहू? आणि नियम मोडला नाही असं तरी कसं लिहू?"

"तो चौकोन तिकडे कुणी काढला?"

"आधीच्यांनी. पण मी आल्यावर नकाशा पुन्हा तपासला होता. सही माझी आहे." तो खाली बघत म्हणाला, "नकाशात सगळं होतं ताई. पाण्याचे नळ होते, दारं होती. वारा काढायचा राहिला."

जानकीला त्याची दया आली. तिने त्याला वडिलांचं वाक्य सांगितलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं, जणू त्याने काही होणार होतं.

पण जानकीची खरी गाठ दुसरीच होती, आणि ती फक्त उत्तराला माहीत होती. टपरीवर चहा आला तेव्हा उत्तरा उठून उभी राहिली होती. "ताई, मी रस्त्याने फिरून गेटवर सांगून येऊ का, आपण बाहेर आहोत म्हणून? दहा मिनिटांचा रस्ता आहे." आणि जानकी म्हणाली होती, "बस गं. तिकडे गॅस आहे. आधी चहा पी." टपरीवाल्याकडे फोनही होता. पण नंबर सगळ्यांचे लॉकरमधल्या फोनमध्ये, आणि जानकीला पाठ होता तो एकट्या नवऱ्याचा. तोही तिने लावला नाही. वारा सगळ्यांना दिसतोय, आपण कुठे गेलो असू हे कुणालाही समजेल, असं तिला वाटलं होतं. तिला जे उघड दिसायचं ते सगळ्या जगाला दिसतं, ही तिची चूक. शहाण्या माणसाच्या चुका अशाच असतात.

शनिवारी उत्तरा जबाबाचा कागद वाचायला आली. जानकीने दोन पानं लिहिली होती. वारा, एप्रन, धूर, बुटकं दार, सगळं होतं.

"छान लिहिलंयस. दे असंच," उत्तरा म्हणाली.

"चहाचं नाही लिहिलं."

"कसलं चहाचं?"

"तू जाते म्हणालीस ते."

उत्तराने कागदाची घडी घातली. "ते कुणी विचारलंय? ताई, ऐक. तू ते लिहिलंस ना, वाट लागली तुझी. चौकोन चुकला, पिशवी फाटली, सगळं बाजूला राहील आणि जो तो म्हणेल, बाई चहा पीत बसली होती. एकोणीस वर्षं झाली यार तुझी. मी कुणाला सांगणार नाही. आईशप्पथ."

जानकीला तिचं म्हणणं पटलं. अगदी खरं होतं ते. आणि तरी त्या रात्री जेवण झाल्यावर तिने घडी उघडून कागद पुन्हा वाचला.

बारा दिवस ती हॉस्पिटलात गेली नव्हती. कामाचं, जबाबाचं, गुडघ्याचं अशी कारणं तिने नवऱ्याला सांगितली. खरं कारण भीती. रविवारी दुपारी चारला, भेटीच्या वेळी, ती गेली. घाटकोपरचं हॉस्पिटल, तिसरा मजला. माणिकची बायको कुंदा दारातच भेटली.

"बरं झालं आलात," कुंदा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे जानकी जास्तच ओशाळली. "उजवा डोळा सुधारेल म्हणतात. डाव्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत. घसा भाजलाय, फार बोलू देऊ नका. आणि एक, ते सारखं विचारतात, सगळ्या बाहेर होत्या ना. मी सांगितलं, यज्ञेशसरांनी सांगितलं, भाऊरावांनी सांगितलं. हो म्हणतात आणि तासाभराने परत विचारतात. तुम्ही सांगा."

माणिक भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यांवर पट्ट्या, हनुवटीवर दाढीचे खुंट वाढलेले. एवढा तोऱ्याचा माणूस, चादरीच्या टोकाशी चाळा करत होता.

"भाऊ, मी जानकी."

त्याचा हात थांबला. "कोण कोण होतं?" आवाज पत्र्यावर वाळू घासावी तसा.

"सगळ्या होतो भाऊ. सगळ्या बाहेर होतो. कुणाला काही झालं नाही."

"सगळे तेच सांगतात." तो थांबला, श्वास घेतला. "मी बघितलं नाही. मोज."

जानकीने पदराने तोंड पुसलं आणि मोजायला सुरुवात केली. "उत्तरा." त्याने एक बोट मिटलं. "शेवंती. प्रांजल. श्रुतिका. मधुवंती." एक हात मिटला. "शांताबाई. दोन्ही रेश्मा. फरीदा. विमल." दुसरा हात मिटला. "सुलभा." त्याने उजवा अंगठा परत उघडला.

"अकरा," तो म्हणाला. अंगठा तसाच वर होता. "फळ्यावर बारा होते."

"बारावी मी."

मग चाचपत त्याने हात पुढे केला, तिच्या मनगटाला लागला, आणि तिथे बोटाने टकटक केलं, यंत्राच्या काचेवर करायचा तसं. "झालं," तो म्हणाला आणि मान मागे टेकली. कुंदा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

जानकीने तेव्हा उठून जायला हवं होतं. भेटीची वेळ संपत आली होती, माणसाला बरं वाटलं होतं, गोड शेवट झाला होता. पण ती बसून राहिली.

"भाऊ, उत्तरा येऊन सांगणार होती. आम्ही बाहेर आहोत म्हणून. मी तिला थांबवलं." मग तिने पुढचंही सांगितलं. "तुम्ही आत हाका मारत होता तेव्हा आम्ही टपरीवर होतो. मी तिला म्हटलं, आधी चहा पी."

माणिक हलला नाही. बाहेर कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं. जानकी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. राग आला असेल तर तो दिसतो कुठे? डोळ्यांत. ते बांधलेले. नाहीतर आवाजात. तो जळलेला.

मग तो म्हणाला, "कसा होता चहा?"

तो चिडून म्हणाला, की पंधरा वर्षांच्या सवयीने थट्टेत म्हणाला, की नुसतंच विचारलं, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. तिने नंतर कुंदालाही विचारलं. कुंदा म्हणाली, मलाही नाही समजलं.

"गोड होता," जानकी म्हणाली. "फार गोड होता भाऊ."

त्याने मान हलवली. तेवढंच.

सोमवारी सकाळी तिने जबाब द्यायच्या आधी दोन पानांच्या खाली, थोडी जागा उरली होती तिथे, बारीक अक्षरात तेही लिहिलं. उत्तरा जायला निघाली होती, मी तिला बसवलं, आणि चहा दिला. मग फाटकाशी येऊन तिने आपला बिल्ला फळ्यावर लावला. माणिकचा बिल्ला त्या मंगळवारपासून तिथेच लटकत होता. भाऊरावने तो काढला नव्हता, आणि काढायला कुणी सांगितलंही नव्हतं.